दगडात कोंडलेली हवा

मी साहित्याची विद्यार्थिनी, पण आजचा विषय मला गावच्या दगडांनी दिला. भूशास्त्रात 'रामाकोना-कटंगी ग्रॅन्युलाइट पट्टा' असं एक नाव आहे. हो, आपल्या सौंसर तालुक्यातलंच रामाकोना! जमिनीखाली खोलवर, प्रचंड उष्णतेत भाजून निघालेले हे खडक. याच भागातल्या प्राचीन खडकांना 'सौंसर समूह' म्हणतात. त्यात संगमरवर आहे आणि मँगनीजही.

संगमरवराच्या भुग्यावर आम्ल टाका, फसफसून बुडबुडे येतात. तो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे हा दगड कोणे एके काळी अर्धा हवाच होता!

हे कसं घडलं? पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि खडक झिजवतं. सुटलेलं कॅल्शियम नदीतून समुद्रात जातं, तिथे चुनखडी बनते. ती पुढे दाब आणि उष्णतेने संगमरवर होते. खोलवर तापताना काही वायू सुटतो आणि ज्वालामुखीतून पुन्हा वर येतो. हवा तापली की खडक जास्त झिजतात, वायू कमी होतो. थंडावली की उलट. पृथ्वीची ही राखण लाखो वर्षांच्या गतीने चालते.

आता शेजारी बघू. शुक्रावर समुद्र टिकला नाही, म्हणून वायू दगडात गेलाच नाही. तिथली हवा 96 टक्के कार्बन डायऑक्साइड, दाब आपल्या नव्वदपट, तापमान सुमारे 465 अंश. पृथ्वीकडेही साधारण तेवढाच कार्बन आहे, पण बहुतेक खडकांत कोंडलेला. मंगळ लहान, आतून लवकर थंडावला, चुंबकीय कवच गेलं, बरीचशी हवा अवकाशात निसटली. आज दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी.

आणि ऑक्सिजन? तो सजीवांनी दिला. सायनोबॅक्टेरियांमुळे सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साचू लागला. मँगनीज पाण्यात विरघळून राहतं, ऑक्सिजन भेटला की ऑक्साइड होऊन तळाशी बसतं. म्हणजे सौंसर समूहातलं मँगनीज हीसुद्धा त्या बदललेल्या हवेची खूण. थोडक्यात, हवेने जीव जगवला, तसा जिवानेही हवा घडवली.

आपल्या संत्र्याच्या बागांखालची काळी माती म्हणजे झिजलेला बेसॉल्ट. तो झिजतानाही हवेतला कार्बन घेतो. पण हळूहळू! दुसरीकडे पेंच-कन्हान खोऱ्यातला कोळसा म्हणजे जुन्या झाडांनी साठवलेला कार्बन. तसा कोळसा आणि इतर जीवाश्म इंधनं जगभर जाळून आपण हवेतला कार्बन डायऑक्साइड दीडशे-दोनशे वर्षांत दहा लाखांत 280 भागांवरून 420 च्या वर नेला. दगड हे परत घेतील, पण त्यांना हजारो-लाखो वर्षं लागतील. आपल्या बागांना तेवढा वेळ आहे का?

पुढच्या वेळी वाटेत पांढरा गोटा दिसला तर उचलून बघा. कदाचित हातात जुनी हवा असेल.