घराचे नुकसान आणि विम्याचा क्लेम

डिसेंबर-जानेवारीत आपल्यापैकी अनेकजण सहकुटुंब भारतात जातात. घर तीन-चार आठवडे बंद असते. इकडे न्यू जर्सीत कडाक्याची थंडी पडते, वरच्या बाथरूमच्या भिंतीतला पाइप गोठून फुटतो आणि पाणी झिरपत थेट बेसमेंटपर्यंत पोचते. या राज्यात मी बरीच वर्षे इन्शुरन्स ॲडजस्टरचे काम केले. अशी घरे पुष्कळ पाहिली. सारखीच पॉलिसी, सारखेच नुकसान, तरीही एका कुटुंबाला दुसऱ्यापेक्षा काही हजार डॉलर कमी मिळाले, असे वारंवार घडते. याचे कारण बहुतेक वेळा कागदपत्रांत सापडते. नुकसान किती झाले हे दाखवून देण्याची जबाबदारी विमा कंपनीची नसते, आपली असते.

दार उघडताच पाणी दिसले तर आधी मेन व्हॉल्व्ह बंद करा. बेसमेंटमध्ये पाणी विजेच्या पॅनेलपर्यंत चढले असेल तर खाली उतरू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. मग काहीही हलवण्याआधी फोटो घ्या. आपल्याकडे पोलीस पंचनामा करतात ना, तसा हा आपला आपण करायचा पंचनामा. प्रत्येक खोली, छत, भिजलेले कपाट उघडून आतले सामान, उपकरणांवरचे मॉडेल नंबर, सगळे टिपा. फुटलेला पाइपचा तुकडा प्लंबरला घेऊन जाऊ देऊ नका. नुकसान कशामुळे झाले याचा तो पुरावा आहे. गालिचा फेकावा लागला तर खालच्या पॅडसकट एक तुकडा कापून ठेवा.

“ॲडजस्टर येईपर्यंत कशालाच हात लावायचा नाही” असा एक समज आपल्या मंडळींत आहे. तो चुकीचा आहे. नुकसान वाढू नये यासाठी वाजवी उपाय करणे हे पॉलिसीनुसार घरमालकाचे कर्तव्यच असते. ओलावा २४ ते ४८ तासांत काढला नाही तर बुरशी धरते, आणि बुरशीसाठी बहुतेक पॉलिसींत फार थोडे पैसे असतात. पाणी उपसून घ्या, पंखे लावा, छपराला भोक असेल तर ताडपत्री टाका आणि पावत्या जपून ठेवा. हा तात्पुरता खर्च क्लेममध्ये धरला जातो. कायमची दुरुस्ती मात्र पाहणी होईपर्यंत सुरू करू नका.

गोठलेल्या पाइपच्या बाबतीत कंपनी एक प्रश्न हमखास विचारते: घरात हीट चालू होती का? हीट चालू ठेवण्याची वाजवी काळजी घेतलेली असावी, किंवा पाणी बंद करून पाइप रिकामे केलेले असावेत, अशी अट बहुतेक पॉलिसींत असते. म्हणून जाताना थर्मोस्टॅट ५५ अंशांच्या खाली ठेवू नका, मेन व्हॉल्व्ह बंद करा आणि दोन-चार दिवसांनी चक्कर मारायला शेजाऱ्यांना किल्ली देऊन ठेवा. त्या महिन्याचे गॅसचे किंवा ऑइलचे बिल हा उत्तम पुरावा ठरतो.

कंपनीला ताबडतोब कळवा आणि क्लेम नंबर घ्या. न्यू जर्सीच्या नियमांनुसार कंपनीने १० कामकाजाच्या दिवसांत पोच द्यावी लागते. एक वही करा: तारीख, कोणाशी बोललो, काय ठरले. फोनवर ठरलेली गोष्ट त्याच दिवशी ईमेलने कळवली की पुढे वाद राहत नाही.

पाहणीला येणारा ॲडजस्टर ‘इंडिपेंडंट’ म्हणवत असला तरी तोही कंपनीनेच नेमलेला असतो. तो सहसा सज्जन असतो, पण दिवसाला चार घरे पाहतो. तुम्ही दाखवले नाही ते त्याच्या यादीत येत नाही. इथे आपला भिडस्तपणा नडतो. चहा देतो, “इट्स ओके” म्हणतो आणि जिन्याखालची ओली भिंत दाखवायचे राहून जाते. तुमच्या काँट्रॅक्टरचे खोलीवार, तपशीलवार एस्टिमेट हाती असू द्या. “सगळे मिळून २५ हजार” असे एका ओळीचे एस्टिमेट कुचकामी असते. पुढे भिंत उघडल्यावर आणखी नुकसान निघाले तर काम थांबवा, फोटो काढा आणि पुरवणी क्लेम मागा.

आता पहिल्या चेकचे गणित, कारण सर्वाधिक पैसे इथेच सुटतात. समजा दुरुस्तीचा खर्च २४,००० डॉलर ठरला. कंपनी जुन्या वस्तूंचा घसारा ६,००० धरते, डिडक्टिबलचे १,००० वजा करते आणि १७,००० चा चेक पाठवते. खर्चातून घसारा वजा केल्यावर उरणाऱ्या रकमेला ॲक्च्युअल कॅश व्हॅल्यू म्हणतात. पुष्कळ लोक हाच शेवटचा चेक समजून फाइल बंद करतात. पॉलिसी रिप्लेसमेंट कॉस्टची असेल तर दुरुस्ती पूर्ण करून बिले दाखवल्यावर घसाऱ्याचे ते ६,०००ही मिळतात. त्याला मुदत असते. ते पैसे मागणार असल्याचे नुकसानीपासून १८० दिवसांत कळवावे, असे अनेक पॉलिसींत लिहिलेले असते. चेकवर मॉर्गेज देणाऱ्या बँकेचेही नाव असते. बँक पैसे स्वतःकडे ठेवून काम होईल तसे हप्त्याने सोडू शकते. म्हणून काँट्रॅक्टरला पैशांच्या तारखा देण्याआधी बँकेशी बोला.

सामानाच्या यादीत आपल्या घरांचा खास प्रश्न म्हणजे भारतातून आणलेल्या वस्तू. पैठण्या, पूजेची चांदीची भांडी, पेटी, तबला यांच्या पावत्या कोणाकडे असतात? पण मुंजीचा अल्बम, हळदीकुंकवाचे फोटो, गणपतीच्या आरासीचे व्हिडिओ यांत त्या दिसतात आणि पुरावा म्हणून ते चालतात. दागिन्यांचे वेगळे. चोरी झाल्यास सर्व दागिने मिळून १,५०० डॉलरच मिळतील, अशी मर्यादा बऱ्याच पॉलिसींत असते. आजच्या सोन्याच्या भावात त्यात पाटल्यांची जोडीही येत नाही. इथल्या सराफाकडून मूल्यांकन करून दागिने पॉलिसीत स्वतंत्र नोंदवा. वजन ग्रॅममध्येच लिहून घ्या, कारण जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा आणि आजचे सराफ धरतात तो १० ग्रॅमचा. यादीत नसलेली वस्तू घुसवायचा मोह मात्र टाळा. एक खोटी नोंद सापडली तर सगळा क्लेम नाकारता येतो.

पुराचे पाणी हा निराळाच विषय. १ सप्टेंबर २०२१ रोजी आयडा वादळाच्या अवशेषांनी मध्य जर्सीत पाऊस ओतला, तेव्हा साध्या होमओनर्स पॉलिसीत पूर येत नाही हे अनेकांना भरलेल्या बेसमेंटमध्ये उभे राहून समजले. संघराज्य सरकारची फ्लड पॉलिसी वेगळी घ्यावी लागते आणि सहसा ती ३० दिवसांनी लागू होते. तीतही बेसमेंटमधला फर्नेस, वॉटर हीटर मिळतो, सोफा मिळत नाही. सांडपाणी उलटे आले किंवा संप पंप तुंबला तर त्यासाठी होमओनर्स पॉलिसीला निराळी जोड लागते.

दुकान किंवा मोटेल असेल तर बिझनेस इंटरप्शनची जोड आहे का ते पाहा. धंदा बंद असतानाचे बुडालेले उत्पन्न त्यातून मिळते, पण हिशेब होतो तो टॅक्स रिटर्नवरून. जी रोकड विक्री वहीत कधी आलीच नाही, तिची भरपाई मागता येत नाही.

क्लेम नाकारला तर कोणत्या कलमाखाली ते लेखी मागा. राज्याच्या बँकिंग व इन्शुरन्स खात्याकडे तक्रार करायला पैसे पडत नाहीत. वाद फक्त रकमेचा असेल तर ‘अप्रेझल’चा मार्ग बहुतेक पॉलिसींत असतो. मोठ्या नुकसानीत पब्लिक ॲडजस्टर नेमता येतो. तो तुमच्या बाजूने काम करतो आणि मिळालेल्या रकमेतून टक्केवारी घेतो. लायसन्स पाहूनच सही करा. वादळाच्या दुसऱ्या दिवशी दार ठोठावणाऱ्या काँट्रॅक्टरच्या कागदावर तर मुळीच सही करू नका, विशेषतः तो “डिडक्टिबल माफ करतो” म्हणत असेल तर.

राहिला छोट्या नुकसानीचा प्रश्न. विमा कंपन्या ज्या सामायिक नोंदी पाहतात, त्यांत तुमचा क्लेम सात वर्षे दिसतो. डिडक्टिबल १,००० आणि नुकसान १,३०० असेल तर ३०० डॉलरसाठी मी तरी क्लेम करणार नाही. प्लंबरचे बिल भरून मोकळा होईन.