खडी पाहा, मग सिमेंटचा हिशेब करा

व्यापारी बंधूंनो, कापड घेताना आपण पोत पाहतो, कोपरा भिजवून रंग तपासतो. पण दुकानाचा किंवा घराचा स्लॅब टाकायचा झाला की आपला प्रश्न एकच, 'सिमेंट किती पोती लागेल?' खडीकडे कोणी पाहत नाही. वास्तविक काँक्रीटमध्ये सुमारे पाऊण भाग खडी आणि वाळूच असते.

माझ्या गोदामाच्या स्लॅबच्या वेळी मी स्वतः उभा होतो. खडी चपटी होती. माल घट्ट झाला की मजूर बादलीभर पाणी ओतत. मी गप्प बसलो. पहिल्याच पावसाळ्यात स्लॅब गळला आणि कापडाचे तागे भिजले. त्यानंतर हा विषय समजून घेतला.

खडीचा आकार

पुण्यात वाघोलीसारख्या भागांतून येणारी खडी काळ्या बेसॉल्ट दगडाची असते. दगड मजबूत आहे. फरक पडतो तो क्रशरमधून निघालेल्या तुकड्याच्या आकाराने. ठोकळ्यासारखी खडी नीट बसते. चपट्या, लांबट तुकड्यांमध्ये पोकळी जास्त राहते. ती भरायला सिमेंट-पाण्याचा लगदा जास्त लागतो. म्हणून आय.एस. ३८३ (२०१६) प्रमाणे चपट्या व लांबट तुकड्यांचा एकत्रित निर्देशांक ४० टक्क्यांच्या आत हवा.

नफा-तोट्याचा हिशेब

आय.एस. १०२६२ (२०१९) प्रमाणे एक घनमीटर काँक्रीटसाठी २० मि.मी. टोकदार खडीला अंदाजे १८६ लिटर पाणी धरतात, १० मि.मी. खडीला २०८ लिटर. पाणी सिमेंटच्या निम्मे ठेवायचे, तर सिमेंट अनुक्रमे ३७२ आणि ४१६ किलो लागते. फरक ४४ किलो, म्हणजे जवळजवळ एक पोते! आणि सिमेंट न वाढवता नुसते २० लिटर पाणी वाढवले, तर प्रमाण ०.५० वरून ०.५५ होते आणि ताकद घटते. पाणी फुकट असते, पण त्याची किंमत स्लॅब देतो.

वाळू

नदीची वाळू दुर्मिळ झाल्याने आता क्रश सँड वापरतात. तिचे कणही टोकदार असतात आणि भुकटी जास्त असते. ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक भुकटी क्रश सँडमध्ये १५ टक्क्यांपर्यंत चालते, नदीच्या वाळूत ३ टक्क्यांपर्यंतच. पावसाळ्यात ओली वाळू फुगते. घमेल्याने मोजल्यास वाळू कमी पडते, शिवाय तिच्यातले पाणी मालात जाते. ७०० किलो वाळूत ५ टक्के ओल म्हणजे ३५ लिटर पाणी झाले.

काय करावे?

१) मूठभर खडी हातात घ्या. चपटे तुकडे फार दिसले तर गाडी परत पाठवा.
२) धूळ-माती लागलेली खडी धुऊन घ्या. धुळीमुळे सिमेंट दगडाला चिकटत नाही.
३) शेजाऱ्याचे प्रमाण उचलू नका. आपल्याच खडी-वाळूचे नमुने प्रयोगशाळेत देऊन मिक्स डिझाइन करून घ्या.
४) खडीची खाण बदलली तर प्रमाण पुन्हा तपासा.
५) पाणी मापानेच घाला आणि २८ दिवसांनी ठोकळ्यांची चाचणी घ्या.

खराब ताग्याचा तोटा एका हंगामाचा असतो. स्लॅबखाली मात्र आपली मुलेबाळे झोपतात.