कर्ज देताना वही पाहतो, मग टोकनवाल्याची का नाही?



गेल्या महिन्यात एका गटाची बैठक आटोपली, इतिवृत्तावर सह्या झाल्या आणि एका ताईंनी मोबाइल पुढे केला. "मॅडम, माह्या भाच्यानं पाठवलं. नवीन कॉइन हाये म्हणे. दहा हजार टाकले की महिन्याला हजार. खरं हाये का?" सोयाबीनचे पैसे नुकतेच आले होते. आणखी दोघी उत्तर ऐकायला थांबल्या. मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. "पुढच्या बैठकीत सांगते, तोवर पैसे टाकू नका," एवढंच बोलले. नंतर वाचून, विचारून जे कळलं ते इथे लिहिते आहे.

टोकन म्हणजे काय? संगणकावरची एक नोंद. नवीन टोकन कोणालाही थोड्या खर्चात काढता येतं. नोटेमागे रिझर्व्ह बँक असते. अशा नव्या टोकनमागे बहुतेक वेळा फक्त ते काढणारा माणूस असतो. म्हणून आधी तो माणूस तपासायचा. आपण अंतर्गत कर्ज देताना मागचं कर्ज फेडलं का, हप्ते वेळेवर आले का, हे वहीत पाहतोच ना? इथेही तेच करायचं.

एक खरं उदाहरण घ्या. गेनबिटकॉइन ही योजना २०१५ मध्ये सुरू झाली. महिन्याला १० टक्के परतावा, १८ महिने, आणि नवीन माणूस आणला की कमिशन. त्या ताईंना सांगितलेला दरही हाच! सुरुवातीला लोकांना परतावा मिळाला. २०१७ पर्यंत नवीन पैसा आटला, तेव्हा बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचं घरचंच टोकन लोकांच्या हातावर ठेवलं, ज्याची किंमत फारच कमी होती, असं सीबीआयचं म्हणणं आहे. योजनेचा प्रमुख अमित भारद्वाज याला पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटक केली; २०२२ मध्ये तो वारला. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने देशात ६० हून जास्त ठिकाणी झडती घेतली. त्यात पुणे, कोल्हापूर होतं आणि उमरखेडहून पैनगंगा ओलांडली की लागतं ते नांदेडही होतं. म्हणजे पहिले दोन-चार महिने पैसे आले, हा खरेपणाचा पुरावा नाही.

मग काय तपासायचं?

१. नाव. टोकन कोणी काढलं? खरं नाव, पत्ता सांगता येत नसेल तर विषय तिथेच संपला. कंपनीची नोंदणी म्हणजे लोकांकडून ठेवी घ्यायची परवानगी नव्हे.

२. आधीचं काम. या माणसाने याआधी कोणती योजना आणली? तिचं काय झालं? त्याच्या नावापुढे 'फसवणूक', 'तक्रार', 'अटक' असे शब्द टाकून मोबाइलवर शोधा. योजनेचं नाव बदलतं, माणसं पुष्कळदा तीच असतात.

३. उघडी वही. टोकनचा 'कॉन्ट्रॅक्ट ॲड्रेस' मागा. ईथरस्कॅनसारख्या साइटवर तो टाकला की टोकन कोणत्या खात्यातून निघालं आणि सगळी टोकनं दोन-चार खात्यांतच आहेत का, हे दिसतं. त्याच खात्यातून आधी निघालेली टोकनं आठ-पंधरा दिवसांत बंद पडली असतील तर दूर राहा. खातं अगदी नवं असेल तर वही कोरी आहे, चांगली नाही. कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींची मदत घ्या.

४. विक्री. काही टोकनं घेता येतात, पण विकता येत नाहीत. ॲपवर दिसणारा आकडा म्हणजे हातातला पैसा नव्हे.

५. माणसं जोडा. ठरलेला मोठा परतावा आणि माणसं जोडायला सांगणं, हे दोन्ही एकत्र दिसलं की उठून या. अशा साखळी योजनांवर १९७८ पासून कायद्याने बंदी आहे. जोडणारीही अडकू शकते, आणि गावातली नाती तुटतात ती वेगळीच.

कोणी म्हणेल, सरकार क्रिप्टोवर ३० टक्के कर घेतं, म्हणजे मान्यता आहे. कर घेणं म्हणजे पैशाची हमी देणं नव्हे. आणि बचतीचा किंवा गटाच्या कर्जाचा पैसा तर अशा ठिकाणी अजिबात नको.

पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करा, बँकेला कळवा, मेसेज पुसू नका. "अडकलेले पैसे सोडवायला आणखी भरा" म्हणतील, एक रुपयाही भरू नका.

पुढच्या बैठकीत त्या ताईंनी सांगितलं, "भाच्याला विचारलं, काढणाऱ्याचं नाव काय? त्याले सांगता नाही आलं." त्यांचे दहा हजार खात्यातच आहेत. पण थांबलेल्या दोघींपैकी एकीने आधीच दोन हजार टाकले होते. ते तिने मला बैठक संपल्यावर, बाजूला नेऊन सांगितलं. चारचौघींत बोलायला लाज वाटली म्हणे.

तायांनो, तिने पैसे टाकण्याआधी गटात विचारलं असतं तर दोन हजार वाचले असते. म्हणून येत्या बैठकीत हा विषय घ्या आणि प्रत्येकीला विचारा: तुमच्या मोबाइलवर असं काही आलंय का? ज्या ताईंचे पैसे गेले असतील त्यांना कोणी हसू नका. त्या बोलल्या तरच बाकीच्या वाचतील.