निर्धूर चुलीचे धुराडे : वर्षातून एकदा तपासणी हवीच

गॅस आला तरी भाकरीसाठी व आंघोळीच्या पाण्यासाठी अनेक घरी चूल पेटतेच. ओले सरपण जाळल्यास धुराड्यात काजळी लवकर साचते व धूर घरात परततो. त्यातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग वा वास नसतो. बंद खोलीत तो प्राणघातक ठरतो. काजळी पेटल्यास छपरालाही आग लागू शकते.

म्हणून महिन्यातून एकदा, चूल पूर्ण थंड असताना, काठीला गोणपाट बांधून काजळी काढावी. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी जाणकार गवंड्याकडून धुराड्याचे सांधे, तडे व वरची टोपी तपासून घ्यावी. धुराड्याचे तोंड छपरापेक्षा उंच असावे. धूर आत येऊ लागल्यास दारे-खिडक्या उघडून चूल विझवावी आणि दुरुस्तीशिवाय पुन्हा पेटवू नये.