भूस्तरांतील क्षितिजें व त्यांचा अर्थ

शेजारच्या विहिरीस ४५ फुटांवर पाणी लागलें, सबब आपणही ४५ फूट खोदावें, असा अदमास बांधून कर्ज काढणारे शेतकरी बंधु आजही पुष्कळ आढळतात. हा अदमास वारंवार फसतो. कारण त्यांत माप असतें, परंतु खूण नसते. भूस्तरशास्त्रांत ज्या खुणेवरून एका ठिकाणचे थर दुसऱ्या ठिकाणच्या थरांशीं ताडून पाहतात, तिला ‘क्षितिज’ म्हणतात. या संज्ञेचा अर्थ वाचकांस स्पष्ट व्हावा, एवढ्याच हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

थर आणि क्षितिज हीं एक नव्हेत. थरास जाडी असते. क्षितिज म्हणजे एक थर संपून दुसरा जेथें सुरू होतो ती पातळी. अथवा रंग, घटक किंवा अवशेष यांवरून दूरवर निश्चित ओळखतां येईल असा एखादा पातळ पट्टा. आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें असल्यामुळें आम्हांस येथें हद्दीच्या दगडाची उपमा सुचते. त्या दगडावर पीक येत नाहीं. तरी तो सांपडल्यावांचून दोन शेतांची मोजणी जुळत नाहीं.

आपल्या दख्खनचेंच उदाहरण घेऊं. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं येथें तप्त शिलारसाचे लोट एकावर एक पसरले. त्यांपासून झालेला काळा पाषाण आजही सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहे. दोन लोटांमध्यें जेथें पुरेसा काळ गेला, तेथें खालच्या लोटाचा माथा झिजून त्याची माती झाली व पुढील लोटानें ती झांकली. घाटांतील रस्त्याच्या कापांत किंवा विहिरीच्या बाजूस गेरूसारखा जो तांबडा पट्टा दिसतो, तो बहुधा अशा मातीचा होय.

समजा, शेजाऱ्याच्या विहिरींत हा पट्टा ४० फुटांवर आणि पाणी ४५ फुटांवर लागलें. आपली जमीन मात्र त्याच्या जमिनीहून २० फूट उंच आहे. लोट जवळजवळ आडवे असल्यास आपणांस पट्टा ६० फुटांवर व पाण्याचा खडक ६५ फुटांवर मिळावयाचा. ४५ फुटांवर हात टेकणारा २० फूट अलीकडेच थांबला. मात्र तांबडे पट्टे एकाहून अधिक असतात व कांहीं मध्येंच लुप्त होतात. म्हणून वरचा व खालचा खडकही जुळवून पाहावा. हा पट्टा स्वतः फारसें पाणी देत नाहीं. त्याखालील मांजऱ्या खडकास भेगा असतील तरच पाणी लागतें. शिवाय ही माती भिजून ढांसळते. तेवढा भाग बांधून काढणें अगत्याचें आहे.

खुणेची ओळखही पक्की हवी. पुणें जिल्ह्यांत कुकडी नदीकांठीं बोरी येथें ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ही राख सुमात्रा बेटावरील टोबा येथील सुमारें ७४,००० वर्षांपूर्वींच्या स्फोटाची, असें कांहीं शास्त्रज्ञ म्हणतात; इतर कांहीं ती कित्येक लक्ष वर्षें जुनी मानतात. तेथें सांपडलेल्या दगडी हत्यारांचें वय याच निर्णयावर अवलंबून आहे.

मृदाशास्त्रांत हाच शब्द निराळ्या अर्थानें येतो. तेथें क्षितिज म्हणजे ऊन, पाणी, मुळें व कृमि यांच्या क्रियेनें जागच्या जागीं तयार झालेला मातीचा पट्टा. त्यास जाडी असते. पुरानें आणून टाकलेला ताजा गाळ हा थर होय, क्षितिज नव्हे. परीक्षणासाठीं नमुना घेतांना वरच्या व खालच्या क्षितिजांची माती एकत्र करूं नये.

यास्तव विहीर खोदतांना काठावरील एका पक्क्या दगडावर खूण करावी, तेथून प्रत्येक खडक किती फुटांवर लागला तें वहींत टिपावें, आणि शेजारच्या विहिरींच्या खुणांशीं पाणसळीनें उंची ताडून ठेवावी. गांवांतील दहा विहिरींची अशी नोंद संस्थेच्या दप्तरीं जमा झाली, तर अकराव्या विहिरीसाठीं कर्ज काढणाऱ्यास केवळ शेजाऱ्याच्या आंकड्यावर विसंबावें लागणार नाहीं.