इन्सुलिनच्या रेणूची रचना व फ्रेडरिक सँगर

मधुमेह झालेल्या मनुष्यास इन्सुलिन टोचावे लागते, हे आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनी घरीदारी पाहिले असेल. इ. स. १९२२ मध्ये कॅनडातील टोरांटो शहरी ते प्रथम रोग्यास देण्यात आले व तेव्हापासून असंख्य माणसांचे प्राण त्याने वाचविले. परंतु जे द्रव्य रोज टोचले जात होते त्याचा रेणू आतून कसा घडलेला आहे, हे त्यापुढे तीस वर्षे कोणासही नीट सांगता येत नव्हते. ते ज्यांनी शोधून काढले, त्या फ्रेडरिक सँगर यांची ओळख आम्ही येथे करून देत आहो.

सँगर यांचा जन्म १३ ऑगस्ट १९१८ रोजी इंग्लंडातील ग्लॉस्टरशायर परगण्यात झाला. वडील डॉक्टर होते. त्यांनी काही काळ चीन देशात मिशनरी वैद्य म्हणून सेवा केली व पुढे ते क्वेकर पंथास मिळाले. मुलगाही वैद्य होईल अशी अपेक्षा होती. परंतु वैद्यास एका रोग्याकडून दुसऱ्याकडे धावावे लागते आणि आपला पिंड तर एकाच प्रश्नास चिकटून राहण्याचा, असे मुलास वाटले, व तो केंब्रिज येथे विज्ञान शिकावयास गेला. तेथे पदार्थविज्ञान व गणित त्यास जड गेले. पदार्थविज्ञान सोडून त्याने शरीरक्रियाशास्त्र घेतले, आणि परीक्षेचा पहिला भाग पुरा होण्यास तीन वर्षे लागली. शिक्षण चालू असतानाच आईबाप दोघेही कर्करोगाने वारले. पुढे जीवरसायनशास्त्रात पहिला वर्ग मिळाला, तेव्हा सर्वांहून अधिक आश्चर्य खुद्द सँगर यांसच वाटले. एका विषयात मूल मागे पडले की त्याची बुद्धीच मंद, असे ठरवून मोकळे होणाऱ्या पालकांनी हा भाग पुन्हा एकवार वाचावा.

महायुद्धात सदसद्विवेकबुद्धीस स्मरून त्यांनी शस्त्र धरण्यास नकार दिला व प्रयोगशाळेतच राहून १९४३ साली डॉक्टरची पदवी मिळविली. त्याच सुमारास चिबनॉल हे केंब्रिजला जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक होऊन आले, आणि त्यांच्या सांगण्यावरून सँगर यांनी इन्सुलिन हाती घेतले. शुद्ध स्वरूपात सहज मिळणाऱ्या थोड्या प्रथिनांपैकी ते एक होते.

आता मूळ प्रश्न काय होता तो पाहू. सर्व प्रथिने अमिनो आम्ले नावाच्या सुमारे वीस प्रकारच्या मण्यांची बनलेली असतात. कोणत्या प्रथिनात कोणते मणी किती, हे मोजता येत असे. पण ते कोणत्या क्रमाने ओवले आहेत, हे कोणी सांगावे? प्रत्येक प्रथिनास असा एकच ठराविक क्रम असतो की नाही, याविषयीच कित्येक विद्वान साशंक होते.

सँगर यांनी प्रथम एक असे रासायनिक द्रव्य उपयोगात आणले, की जे साखळीच्या मोकळ्या टोकाच्या मण्यास चिकटून त्यास पिवळा रंग देते. मग आम्लात उकळून साखळी तोडली, तरी तो मणी पिवळाच राहतो व त्यावरून पहिला कोण हे कळते. इन्सुलिनमध्ये असे दोन निरनिराळे पहिले मणी सापडले. अर्थात साखळ्या दोन. परंतु मधल्या मण्यांचे काय? येथे आम्ही एक दाखला घेतो. एका शब्दाचे कोणी पुष्कळ वेळा, दर वेळी निराळ्या ठिकाणी, तुकडे केले आणि त्यांतून आपल्या हाती ‘कमल’, ‘मलन’, ‘लनय’ व ‘नयन’ एवढेच आले. एकाचा शेवट दुसऱ्याच्या आरंभाशी जुळवीत गेले असता मूळ शब्द ‘कमलनयन’ होता, हे उघड होते. सँगर यांनी नेमके हेच केले. कधी आम्लाने, कधी पाचक रसांतील द्रव्यांनी साखळ्या तोडावयाच्या, मार्टिन व सिंज यांच्या नव्या रीतीप्रमाणे टिपकागदावर ते तुकडे वेगळे करावयाचे, आणि मग जुळवीत बसावयाचे. लांब साखळीत ३० मणी निघाले. तिचा क्रम ऑस्ट्रियाहून आलेल्या टुपी यांच्या साहाय्याने १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. आखूड साखळीत २१ मणी. तिचा क्रम दोन वर्षांनी लागला. गंधकाचे तीन पूल, दोन साखळ्यांना जोडणारे दोन व आखूड साखळीतल्या आत एक, कोठे आहेत हे ठरविता ठरविता १९५५ साल उजाडले. अवघ्या ५१ मण्यांकरिता बारा वर्षे!

शंका मात्र कायमची फिटली. गाय, डुक्कर व मेंढी यांचे इन्सुलिन ताडून पाहता आखूड साखळीतल्या तीन जागांखेरीज सर्व क्रम एकच निघाला. १९५८ साली सँगर यांस रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

यापुढची काही वर्षे उणीची गेली. हातचे बहुतेक प्रयोग फसतच असत. फसलेल्या प्रयोगाची खंत करीत न बसता लगेच पुढच्याची आखणी करावयाची, हा त्यांचा परिपाठ होता. अधिकाराच्या जागा त्यांनी टाळल्या व स्वतःच्या हाताने काम चालू ठेविले. मग ते आनुवंशिक द्रव्य जे डी. एन. ए., त्याकडे वळले. तेथे मणी चारच प्रकारचे, पण माळ फारच लांब. तिची नक्कल होत असता मधेच अडविणारा एक खोटा मणी मिसळावयाचा आणि अडलेल्या तुकड्यांची लांबी पाहून क्रम वाचावयाचा, ही युक्ती त्यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षी एका विषाणूचा सुमारे ५,४०० अक्षरांचा क्रम त्यांच्या मंडळीने लाविला. १९८० मध्ये गिल्बर्ट व बर्ग यांजबरोबर त्यांस दुसरे नोबेल मिळाले. रसायनशास्त्रात ते दोनदा मिळविणारे हे पहिलेच.

१९८३ साली काम थांबवून ते बागकामास लागले. ‘सर’ ही पदवी त्यांनी नाकारली होती. आपणास कोणी ‘सर’ म्हणावे हेच त्यांस रुचत नसे. (आम्हा शिक्षकांस हे वाचून अंमळ हसू येते.) केंब्रिजजवळ हिंक्स्टन येथे १९९३ मध्ये उघडलेल्या संशोधनकेंद्रास त्यांचे नाव देण्याची परवानगी मागितली, तेव्हा काम चांगले झालेच पाहिजे, अशी त्यांनी ताकीद दिली. मनुष्याच्या डी. एन. ए.तील सुमारे ३०० कोटी अक्षरांपैकी जवळजवळ एक तृतीयांश त्याच केंद्राने वाचली. १९ नोव्हेंबर २०१३ रोजी वयाच्या ९५ व्या वर्षी सँगर केंब्रिज येथे वारले.