पडणाऱ्याकडे बघा

अमेरिकेत सोमवारची रात्र असते तेव्हा आपल्याकडे मंगळवार उजाडत असतो. त्यामुळे 'मंडे नाईट रॉ' नावाचा हा अमेरिकन कुस्तीचा कार्यक्रम माझ्या लेखी कायम मंगळवारचा आहे. जानेवारी १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन सेंटरमध्ये तो सुरू झाला आणि अजून चालू आहे. मधल्या काळात तो चालवणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीचं डब्ल्यूडब्ल्यूई झालं (पांडावाल्या वन्यजीव संस्थेने कोर्टात धरलं म्हणून), शाळेच्या दप्तरातली ट्रम्प कार्डं गेली, केबल गेली, टेन स्पोर्ट्स सोनीकडे गेलं आणि एप्रिल २०२५ पासून आपल्याकडेही सगळा कारभार नेटफ्लिक्सवर आला. आम्ही बघणारे तिथल्या तिथेच आहोत. इतकी वर्षं बघून जी मतं पक्की झाली, ती ही.

१. "अरे, ते सगळं खोटं असतं!" म्हणणाऱ्याशी वाद घालू नये.

त्याला म्हणावं, हो. कंपनीनेच १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे सांगून टाकलंय की ही स्पर्धा नव्हे, करमणूक आहे. सत्याची उबळ आली म्हणून नाही सांगितलं. खेळ म्हटलं की क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर मागे लागतो, करमणूक म्हटलं की दोन्हींतून सुटका. निकाल आधी ठरलेला असतो, हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण रिंगच्या कॅनव्हासखाली पातळ फोम, त्याखाली लाकडी फळ्या आणि त्याखाली पोलादी तुळया असतात. निकाल ठरला म्हणून फळ्या मऊ होत नाहीत.

२. घरात जुना पैलवान असेल तर त्याच्या शेजारी बसून बघावं.

आमचे तात्या, म्हणजे आईचे काका, तरुणपणी कोल्हापुरात तालमीत होते. दोन्ही कान मोडलेले. खासबागेतल्या कुस्त्या पाहिलेल्या माणसाला नुरा (आधी ठरवून केलेली) कुस्ती म्हणजे शिवी. त्यांनी पहिल्यांदा रॉ बघितलं तेव्हा एकाची पाठ टेकली तरी सामना चालूच, हे काही त्यांच्या पचनी पडेना.

"चितपट झाला की रं त्यो! आता काय ऱ्हायलं?"

"तात्या, इथे तीन मोजेपर्यंत खांदे टेकलेले राहावे लागतात."

"मग त्या पंचाला भराभरा मोजाय काय हुतंय?"

पण उठून गेले नाहीत. कर्ट अँगल रिंगमध्ये आला तेव्हा तर खुर्ची पुढे ओढून बसले. अँगलने १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइलच्या १०० किलो गटात सुवर्णपदक घेतलं होतं, हे तात्यांना ठाऊक नव्हतं. त्याने खाली वाकून एकेरी पट काढला आणि तात्या म्हणाले, "ह्यो तालमीतला हाय." नंतर एक किडकिडीत पोरगा दोरांवरून उडाला, आपटला, तशी त्यांची मान हलली. "पोरगं पडतंय मातूर झ्याक. मान उचलून धरलीया बघ."

तोवर मी फक्त फेकणाऱ्याकडे बघत होतो.

३. जिंकणाऱ्याकडे बघू नका, पडणाऱ्याकडे बघा.

हनुवटी छातीला टेकवायची, पाठ सपाट एकदम टाकायची, दोन्ही तळवे फाडकन आपटायचे, श्वास सोडून द्यायचा. आवाज मोठा होतो आणि मार अंगभर वाटला जातो. या पडण्याला ही मंडळी 'बंप' म्हणतात आणि त्यानंतरच्या विव्हळण्याला 'सेलिंग'. मारणाऱ्याची ताकद किती, हे पडणाऱ्याच्या अंगावरून कळतं. मार खाणारा कच्चा असेल तर साडेसहा फुटी राक्षसही हवेत हात फिरवत उभा असलेला दिसतो.

याचा सर्वांत चांगला धडा रॉच्याच पहिल्या वर्षातला आहे. मे १९९३. एका बाजूला रेझर रॅमॉन: अंगाने धिप्पाड, गळ्यात सोन्याच्या साखळ्या, समोरच्याच्या तोंडावर टूथपिक फेकणारा. दुसऱ्या बाजूला आठवड्याच्या आठवड्याला येऊन हरून जाणारा एक पोरगेला मुलगा, त्याला नीटसं नावही नव्हतं. रॅमॉन त्याला खेळवतो, तुडवतो, प्रेक्षकांकडे बघून हसतो. मुलगा कोपऱ्याच्या खांबावर चढून मागच्या मागे कोलांटी मारतो, थेट त्याच्या अंगावर पडतो आणि पंच तीन मोजतो. त्या क्षणी रॅमॉनची भूमिका करणाऱ्या स्कॉट हॉलचा चेहरा बघा. सारं सभागृह किंचाळतंय आणि त्याला अजून समजलेलंच नाही. पुढचे आठवडे तो पैशाची पैज लावून त्या पोराकडे पुन्हा सामना मागत राहिला. त्या पोराचं नाव त्यानंतर '१-२-३ किड' पडलं आणि शॉन वॉल्टमनची कारकीर्द उभी राहिली. हॉलचं काय गेलं? काही नाही. लोकांना तोही जास्त आवडायला लागला.

आज असं मनापासून हरणारे कमी झालेत, ही माझी जुनी तक्रार.

४. पंचाकडेही बघत जा.

त्याच्या कानात यंत्र असतं. वेळ किती उरला, जाहिरात कधी, आता आटपा, हे सगळं तोच पैलवानाच्या कानाशी वाकून पोचवतो. एखाद्याला खरंच लागलं तर तो दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली करतो. ती फुली दिसली की आमच्यासारख्यांच्या पोटात गोळा येतो. (तीही कधीकधी नाटकात वापरतात. हे मात्र मला अजिबात आवडत नाही.)

५. तीन तास फार होतात.

सुरुवातीला कार्यक्रम एक तासाचा होता. १९९७ मध्ये दोन तासांचा झाला आणि जुलै २०१२ मध्ये, हजाराव्या भागापासून, तीन तासांचा. तेवढा वेळ भरायचा म्हणून तेच दोघे लागोपाठ तीन मंगळवार लढायचे. पहिल्या आठवड्यात हा जिंकला, दुसऱ्यात तो, तिसऱ्यात कोणीतरी मध्ये घुसून सगळा बट्ट्याबोळ. त्यात तो एक शेवट! सामना रंगात आलेला असतो, अचानक तिसऱ्याच कुणाचं तरी संगीत वाजतं, आघाडीवर असलेला भला माणूस पाठ फिरवून दरवाजाकडे टकामका बघतो आणि मागचा त्याला गुंडाळून तीन मोजून घेतो. इतकी वर्षं हेच होतंय, तरी एकाही पैलवानाला संगीताकडे दुर्लक्ष करायला शिकता आलेलं नाही. असा पराभव कुणाच्याच कामाचा नसतो. हरणारा मूर्ख दिसतो आणि जिंकणारा चोर. नेटफ्लिक्सवर गेल्यापासून वेळ थोडा सैल सोडलाय, तीन तास भरायलाच हवेत असं राहिलेलं नाही, हे बरं झालं.

६. समोर दुसरं दुकान असल्याशिवाय माल चांगला मिळत नाही.

सप्टेंबर १९९५ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीने सोमवारी त्याच वेळी 'नायट्रो' सुरू केलं आणि पुढे सलग ८३ आठवडे रॉला प्रेक्षकसंख्येत मागे टाकलं. रॉचे कित्येक भाग तेव्हा आधीच चित्रित झालेले असायचे, नायट्रो थेट असायचं. मग नायट्रोवाले रॉचे निकाल स्वतःच्याच कार्यक्रमात फोडायचे. ४ जानेवारी १९९९ ला त्यांच्या समालोचकाने खवचटपणे सांगितलं की आज तिकडे मिक फोली विजेता होणार आहे, आता काय तिकिटं खपतील म्हणता! लाखो लोकांनी तेवढ्यात चॅनल बदललं. फोली म्हणजे मॅनकाइंड. आदल्या वर्षी जूनमध्ये अंडरटेकरने ज्याला पिंजऱ्याच्या छतावरून समालोचकांच्या टेबलावर फेकला, तोच. अंगाने बेढब, सुटलेलं पोट, आयुष्यभर दुसऱ्यांसाठी पडलेला माणूस. तो एकदा तरी जिंकताना लोकांना बघायचा होता, मग निकाल आधी कळो वा न कळो. मार्च २००१ मध्ये नायट्रो बंद पडलं, डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतलं गेलं आणि त्यानंतरची काही वर्षं रॉ किती आळसावलं, ते बघणाऱ्यांना विचारा.

७. प्रेक्षक नसले की उरतं ते फार विचित्र असतं.

१६ मार्च २०२०. कोरोनामुळे रॉ ऑरलँडोच्या सरावकेंद्रात, समोर एकही माणूस नाही. स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिनला मुद्दाम त्या तारखेला बोलावलेलं, कारण ३:१६ ही त्याची खूण, आणि अमेरिकेत ही तारीख ३/१६ अशी लिहितात. एरवी त्याच्या संगीतातली काच फुटली की वीस हजार माणसं उठून उभी राहायची. तो बोलायचा आणि प्रत्येक वाक्याला त्यांच्याकडून "व्हॉट?" यायचं. त्या दिवशी तो वाक्य टाकायचा, थांबायचा, आणि समोर नुसत्या रिकाम्या खुर्च्या. ऑस्टिनसारखा ऑस्टिन, पण त्यालाही टायमिंग सापडेना. पुढे भिंतभर पडदे लावून त्यांवर घरबसल्या प्रेक्षकांचे चेहरे दाखवले, कृत्रिम आरडाओरडा भरला, तरी पडणाऱ्याच्या पाठीचा आवाज एकटाच ऐकू यायचा. इतका की, मार खरा असतो हे ज्यांना पटत नव्हतं, त्यांना त्या काळात पटलं असेल.

८. बायकांच्या सामन्यात चहा करायला उठण्याचे दिवस गेले.

फेब्रुवारी २०१५ मध्ये रॉवर चार जणींचा एक सामना जेमतेम तीस सेकंदांत उरकला. लोक इतके भडकले की कंपनीला ऐकावं लागलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये निया जॅक्सचा एक ठोसा चुकून खराच लागला आणि बेकी लिंचचं नाक फुटलं. तोंडभर रक्त, तशीच ती प्रेक्षकांत चढून हात पसरून उभी राहिली. नुसती उभी. पुढच्या एप्रिलमध्ये रेसलमेनिया या त्यांच्या सर्वांत मोठ्या वार्षिक कार्यक्रमाचा शेवटचा, म्हणजे मानाचा सामना पहिल्यांदाच बायकांचा झाला आणि तो बेकीने जिंकला.

९. भारतीय म्हणून उगाच छाती फुगवू नये.

खली २००६ मध्ये आला आणि आल्या आल्या त्याने अंडरटेकरला लोळवला, तेव्हा आम्हीही नाचलो. दुसऱ्या वर्षी तो विश्वविजेता झाला. पण माणूस सात फुटांहून उंच, गुडघे दुखरे, त्याला पडायला लावणंच मुश्कील. आणि जो पडू शकत नाही त्याच्याशी चांगला सामना कसा होणार? त्याच्या नावाने 'पंजाबी प्रिझन' नावाचा बांबूचा दुहेरी पिंजरा काढला. पंजाबात असला बांबूचा तुरुंग कुणी पाहिला असेल तर जरूर कळवावं. गंमत म्हणजे त्या पिंजऱ्यातल्या पहिल्या सामन्याला ऐनवेळी खलीच नव्हता, त्याच्या जागी बिग शो उतरला.

२०१७ मध्ये जिंदर महालला विजेता केलं, तो तर कॅनडाचा. हिशोब सरळ होता, भारताची बाजारपेठ. जवळजवळ सहा महिने पट्टा त्याच्याकडे ठेवला, भारतदौऱ्याच्या तोंडावर काढून घेतला आणि डिसेंबरमध्ये दिल्लीत भरल्या स्टेडियमसमोर त्याला हरवलं कुणी, तर ट्रिपल एचने, मालकाच्या जावयाने. पडण्याचं महत्त्व मी सांगतोच आहे, पण कुणी कुणासाठी आणि कुठे पडावं, याला काही धरबंध?

१०. खरं मरण आलं की यांचं नाटक उघडं पडतं.

जून २००७. गोष्टीत मालक व्हिन्स मॅकमहन यांची लिमोझिन स्फोटात उडालेली, आणि २५ तारखेच्या रॉवर त्यांच्या खोट्या शोकसभेचा बेत. त्याच दिवशी पैलवान ख्रिस बेन्वा, त्याची बायको आणि लहान मुलगा घरात मृतावस्थेत सापडले. मेलेले मॅकमहन रिकाम्या स्टेडियममध्ये जिवंत उभे राहून बोलले आणि तीन तास बेन्वाला श्रद्धांजली वाहिली गेली. रात्र सरेपर्यंत बाहेर आलं की त्यानेच त्या दोघांना मारून स्वतःला संपवलं होतं. दुसऱ्या दिवसापासून कंपनीने त्याचं नाव घेणं बंद केलं. मला त्याचे सामने फार आवडायचे. आता लावत नाही. यावर याहून शहाणं मत माझ्यापाशी नाही.

११. जाताना हरून जावं.

या धंद्यातली ही जुनी रीत. जाणाऱ्याने आपलं नाव मागच्याच्या पदरात टाकून जायचं. जॉन सीना २००२ मध्ये पहिल्यांदा टीव्हीवर उतरला तो तात्यांच्या कर्ट अँगलसमोर, आणि हरला. १३ डिसेंबर २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये त्याचा शेवटचा सामना गुंथर या ऑस्ट्रियन गड्याशी होता. आपल्याकडे रविवारची सकाळ. 'कधी हार मानू नका' हे वाक्य जन्मभर टी-शर्टवर मिरवलेला सीना गळ्याभोवतीच्या पकडीत अडकला, किंचित हसला आणि हाताने थापटून त्याने हार मानली. स्टेडियम संतापलं. हे ठरवलं ते आता कारभार बघणाऱ्या ट्रिपल एचने, म्हणून लोकांनी त्याचीही हुर्यो केली. मला विचाराल तर सीनाने त्या हसण्यात जे काम केलं ते त्याच्या सगळ्या जिंकलेल्या सामन्यांच्या वरचं आहे. पकड मात्र आणखी दोन मिनिटं ताणली असती तरी चाललं असतं.

माझ्या भाच्याने त्या सकाळी गुंथरला घातलेल्या शिव्या इथे छापता येणार नाहीत. तो म्हणतो, आता रॉ बघणार नाही. मंगळवारी माझ्या आधी उठून बसला होता, गुंथर कधी मार खातो ते बघायला.